एक्केचाळीस सेकंद

वानाका, ८ जून १९९७

चि. यूअन यास,

अनेक आशीर्वाद. एकसष्ट वर्षांच्या भावाला 'चिरंजीव' लिहायला मला अजून मजा वाटते. थोरलेपणाचा तेवढाच फायदा माझ्या वाट्याला आलाय. वि. वि.,

काल समोरच्या पिसा डोंगराच्या माथ्यावर हिवाळ्याचा पहिला बर्फ धरला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसला आणि हातातला चहा तसाच निवला. गॅरेजात स्कींना मेण लावून ठेवलंय, शेजारी सायकल स्टँडवर चढवलीय, आणि दोरीवर पोहण्याचा रबरी पोशाख लोंबतोय. मिरिआमा काल आली होती. म्हणाली, कुणी पाहिलं तर घरात चौघं जण राहतात असं वाटेल. मिरिआमा म्हणजे तलावावर पोहायला शिकवणारी, एकोणसाठाव्या वर्षी मला पाण्यात ढकलणारी बाई.

अडचण अशी आहे. सतरा जानेवारीला इथे तळ्याकाठी ट्रायथलॉन आहे. दीड किलोमीटर पोहायचं, चाळीस सायकल, दहा पळायचं. साठीपुढच्या बायकांत पहिली येईल तिला देशाच्या संघातून परदेशी नेणार आहेत. मला जायचंय. आणि मला बर्फही सोडायचा नाही. स्कीवर गेले की पोहणं बुडतं, पोहत बसले तर बर्फ थांबत नाही.

तू देशाकडून स्की केलेला माणूस. मला आठवड्याचा तक्ता आखून दे. वय त्रेसष्ट धर, अक्कल त्याहून कमी धर.

बेरिलला सांग, जर्दाळूच्या मुरांब्याची शेवटची बाटली संपली. तिच्यासारखी भावजय मिळाली म्हणून तुझं निभावलं.

कळावे. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी ताई,
नोलीन


टिमारू, २२ जून

ती. ताईस,

गुडघ्यात नवा सांधा बसवल्यापासून वाकता येत नाही, तेव्हा नमस्कार उभ्यानेच. वि. वि.,

तुझं पत्र वाचून बेरिल हसली. म्हणाली, एकोणीस वर्षं आईच्या खाटेपासून हलली नाही, ती बाई आता एका जागी ठरत नाही. मी म्हटलं, साठलेलं चालणं चालून घेतेय.

खरं सांगायचं तर या वयात दोन डगरींवर हात ठेवू नये. पण तू ऐकणार नाहीस, म्हणून लिहितो. मंगळवारी आणि गुरुवारी पोहणं. बुधवारी आणि शनिवारी बर्फ. शनिवारी लांब जा, पण शेजारणीशी गप्पा मारता येतील इतकं सावकाश. शुक्रवारी अर्धा तास सायकल, रविवारी पाऊण तास पळणं, तेही गवतावर. सोमवारी काही नाही. काही नाही म्हणजे खिडक्यासुद्धा पुसायच्या नाहीत. हिवाळ्यात दम कमवायचा, वेग वसंतात बघू. सप्टेंबर संपला की स्की माळ्यावर.

मला विचारलंस, बरं केलंस. हल्ली कुणी विचारत नाही. इथल्या स्की क्लबात नवा प्रशिक्षक आलाय. त्याला मी नाव सांगितलं, तर त्याने ते कसं लिहायचं ते विचारलं. कोंबड्यांना दाणे टाकायला तीन पायऱ्या उतरतो, तेवढाच माझा उतार.

मुरांबा सोबत पाठवतोय. गुडघ्यांना जप, तुझे अजून तुझेच आहेत.

लोभ असू दे, उपदेश करतो तरी.
यूअन


वानाका, ३ ऑगस्ट

चि. यूअन यास,

अ. आ. आज ते जरा जास्तच घे. वि. वि.,

पिसावरची एकवीस किलोमीटरची स्कीची शर्यत काल झाली. साठीपुढच्यांत मी पहिली आले. तुझ्या तक्त्याची कृपा. आल्यावर तुझी पाच वर्षांपूर्वीची वेळ काढून पाहिली, त्याच वाटेवरची. माझी एक्केचाळीस सेकंदांनी कमी आहे. मिरिआमाने भर चहाच्या रांगेत ते मोठ्याने सांगितलं आणि मी लाजले. पण खोटं कशाला बोलू, तिने आणखी एकदा सांगावं असंही वाटलं.

आता दुसरी गोष्ट, ही तुझ्याजवळच ठेव. शेवटच्या चढावर छातीत पाखरू अडकल्यासारखी फडफड झाली. पाच-सात मिनिटं. मग आपोआप बसली. पुन्हा असंच होईल या भीतीने मी आजच सकाळी डॉक्टरांच्या घरी गेले. ते रविवारचे, बागेत होते, पण त्यांनी तपासलं. ठोके नीट पडत नाहीत म्हणाले. गोळ्या दिल्यात. डनीडिनच्या हृदयतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय शर्यत नको, असं त्यांचं मत. तिथली तारीख फेब्रुवारीच्या आधी मिळत नाही म्हणतात, आणि आपली शर्यत जानेवारीत.

मिरिआमालाही हे बोलले नाही. जगात हे डॉक्टरांना आणि तुला ठाऊक आहे. लहानपणी तू फोडलेल्या खिडक्या मी कशा लपवल्या, ते आठव आणि गप्प राहा.

कळावे. लोभ आहे त्यात एक चमचा वाढव.
ताई


टिमारू, २० ऑगस्ट

ती. ताईस,

नमस्कार. वि. वि.,

अभिनंदन. त्या वर्षी बर्फ ओला होता, एवढं मात्र ध्यानात घे.

छातीचं वाचून झोप उडाली. बाबा मेंढ्यांच्या कातरणीत उभ्याउभ्या गेले तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होते. त्यांनाही आधी फडफड व्हायची, आणि तेही कुणाला सांगत नसत. तू आता स्की बंद कर. ट्रायथलॉनचंही डनीडिननंतर बघ. शर्यती दर वर्षी येतात.

लोभ असावा आणि माझं ऐकावं.
यूअन


वानाका, ५ ऑक्टोबर

चि. यूअन यास,

अ. आ. वि. वि.,

तुझं अर्धं ऐकलं. स्की तीन आठवडे आधीच माळ्यावर टाकल्या. गोळी चुकवत नाही. नऊ आठवड्यांत एकदाही फडफड नाही. तळ्याचं पाणी हाडापर्यंत जातं, पण दहा मिनिटांनी शरीर तक्रार करायचं सोडतं. सायकलवर वारा समोरून आला की मी त्याला आईच्या भाषेत शिव्या देते.

शर्यतीचा अर्ज भरला. त्यात विचारलं होतं, काही आजार आहे का. मी 'नाही' लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा सही करून खोटं बोलले. पाकीट पेटीत टाकलं आणि सरळ पोहायला गेले, याचंच मला नवल वाटलं.

तू म्हणतोस, शर्यती दर वर्षी येतात. येत असतील. माझं चौसष्टावं दर वर्षी येत नाही. चाळीस वर्षांची होते तेव्हा गोर गावी आईजवळ राहायला गेले, एकोणसाठाव्या वर्षी तिथून सुटले. तिच्या उशाशी वर्तमानपत्राचं एक कात्रण होतं, तू बर्फावर, अंगावर देशाचा कोट. येणाऱ्याजाणाऱ्याला ती ते दाखवायची. माझं नाव ती शौचाचं भांडं लावायला हाक मारताना घ्यायची. तुझा यात दोष नाही. तू नाताळला यायचास, तिला हसवायचास, जायचास. मी फक्त सांगतेय की मला एकदा आकड्यासारखं कुठेतरी नोंदलं जायचंय.

रागावू नकोस. सतराला ये, काठी घेऊन काठावर उभा राहा.

लोभ ठेव, चिंता कमी कर.
ताई


वानाका, १ जानेवारी १९९८

यूअन,

आशीर्वाद मागाहून.

काल आयोजकांचं पत्र आलं. माझं नाव यादीतून काढलंय. माझ्या हृदयविकाराची माहिती कुटुंबातल्या व्यक्तीने लेखी कळवली, असं त्यांनी सभ्य शब्दांत लिहिलंय. अर्जात खरं लपवल्यामुळे पुढची दोन वर्षंही मला बंदी. तळ्याकाठच्या क्लबाच्या फळ्यावरून माझं नाव पुसलेलं मी आज सकाळी पाहिलं. दोघं तिथे उभे होते, ते हवामानाबद्दल बोलू लागले.

कुटुंबात तूच आहेस. तू लिहिलंस का? एका शब्दात उत्तर दे.

नोलीन


टिमारू, ५ जानेवारी

ती. ताईस,

नमस्कार करायचं तोंड नाही, तरी करतो. वि. वि.,

हो.

डिसेंबरच्या सुरुवातीला लिहिलं. बेरिल म्हणत होती, आधी तिला सांग, तिला स्वतःहून नाव काढू दे. मी ऐकलं नाही. तुला आधी सांगितलं असतं, तर तू मला पटवलं असतंस. तुझ्यापुढे माझं कधीच टिकलेलं नाही.

बाबांना उचलून बाहेर आणणाऱ्यांत मी होतो. एकोणीस वर्षांचा होतो. तू तेव्हा डनीडिनला होतीस. त्यांच्या बंडीत लोकर अडकलेली मला अजून दिसते. मला तुला पाण्यातून असं काढलेलं बघायचं नव्हतं. याहून जास्त मला म्हणायचं नाही. बंदीचं मला ठाऊक नव्हतं. ती व्हावी असं मी लिहिलं नव्हतं.

वाटेल ते बोल, पण बोल.

लोभाची भीक मागतो.
यूअन


वानाका, २५ जानेवारी

यूअन,

बोलते.

सोळा तारखेला, शर्यतीच्या आदल्या दिवशी, मी ती सगळी वाट एकटीने केली. मिरिआमाला सगळं खरं सांगितलं. ती आधी भांडली, मग होडी घेऊन पाण्यात शेजारी राहिली आणि पुढे गाडी घेऊन मागे. पोहणं छान झालं. सायकल त्याहून छान. पळताना सातव्या किलोमीटरला पाखरू आलं. या वेळी ते बसेना. डोळ्यांपुढे अंधारलं आणि मी रस्त्याकडेच्या बांधावर बसले. मिरिआमा धावत आली. दुधाची गाडी थांबली, चालवणाऱ्याने पाणी दिलं. वीस मिनिटांनी उठले. उरलेले तीन किलोमीटर मिरिआमाच्या दंडाला धरून चालत गेले. शेवटच्या रेषेच्या खांबांना रंग देणारा माणूस म्हणाला, बाई, शर्यत उद्या आहे.

दुसऱ्या दिवशी साठीपुढची जी पहिली आली, तिची टप्प्याटप्प्याची वेळ वर्तमानपत्रात आहे. बांधावर बसेपर्यंत मी तिच्या पुढे होते. कोपऱ्याकोपऱ्यावर मिरिआमाने घड्याळ लावलं होतं. हे मी फक्त तुला लिहितेय, कारण याला आता कुठेच जागा नाही.

तर तुझं बरोबर होतं. मला तेच माफ करता येत नाही. तू चुकला असतास तर मी महिनाभर शिव्या दिल्या असत्या आणि ईस्टरला जेवायला बोलावलं असतं. थांबायचंच होतं, तर ते माझं मला थांबायचं होतं. बांधावर बसले तशी बसले असते, माझ्या पायांनी, माझा क्रमांक छातीवर लावून.

एक विचारते. ऑगस्टच्या पत्रात तू आधी माझ्या वेळेबद्दल लिहिलंस आणि मग माझ्या छातीबद्दल. आयोजकांना तू पत्र पाठवलंस ते माझ्या हृदयासाठी, की एक्केचाळीस सेकंदांसाठी? खरं लिही. निदान एवढं तरी माझ्याशी समोरासमोर कर.

नोलीन


टिमारू, ८ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि.,

तीनदा लिहून फाडलं. बेरिल म्हणाली, खरं लिहायचं असेल तर लिही, नाहीतर टपाल तिकीट वाया घालवू नकोस.

दोन्हीसाठी.

तुझं ऑगस्टचं पत्र आलं, तेव्हा मी पडवीतल्या खोक्यातून जुनी वही काढली. वाटलं, तुझं वाचण्यात चुकलं असेल. चुकलं नव्हतं. बर्फही ओला नव्हता. त्या दिवशी मी जेवलो नाही. मग पत्राचं दुसरं पान वाचलं, छातीचं, आणि भीती वाटली. खरी भीती, बाबांची शपथ. पण ताई, त्या भीतीत कुठेतरी हायसंही वाटलं. आता हिला थांबवायला कारण आहे, असं मनात आलं. डिसेंबरात लिहायला बसलो तेव्हा किती भाग भीतीचा होता आणि किती दुसऱ्याचा, ते मला आजही निवडून सांगता येत नाही. आयुष्यात माझ्याजवळ तेवढी एकच गोष्ट होती. ती तू चार हिवाळ्यांत घेतलीस, आणि मला गोडीने कळवलंस.

चोवीसला तू डनीडिनला तज्ज्ञांकडे जाणार, असं बेरिलकडून कळलं. मी येतो. गाडीने तीन तासही नाहीत. आत येणार नाही, बाहेर बसेन. तुला नको असेल तर लिही. पत्र आलं नाही, तर ये म्हणालीस असं समजेन.

लोभ उरला असेल तेवढा पुरे.
यूअन


वानाका, २ मार्च १९९८

श्री. यूअन गेडिस यांस,

स. न. वि. वि.,

आपल्या ८ फेब्रुवारीच्या पत्राची पोच. उत्तर दिलं नाही. आपण त्याचा अर्थ काय काढणार हे आपण लिहिलं होतं, आणि आपल्यासाठी अर्थ काढायचं काम मला नको होतं.

चोवीसला डनीडिनला जाऊन आले. मिरिआमा सोबत होती. तज्ज्ञ भले आहेत, घाई करत नाहीत. शर्यत यापुढे नाही. संथ पोहणं चालेल. बर्फावरही जाता येईल, पण चढाची वाट सोडून, आणि एकटीने नाही. मी बरं म्हटलं. त्यांना वाटलं मी वाद घालीन.

आपण खालच्या दालनात बसला होतात. काठी भिंतीला टेकलेली, मांडीवर बेरिलचा डबा. जिन्याच्या वळणावरून मला दिसलात. दर वेळी दार उघडलं की आपण मान वर करत होता. मी तिथे थोडा वेळ उभी राहिले. मग मिरिआमाला म्हटलं, पलीकडच्या दाराने जाऊ. गाडीत बसल्यावर तिने विचारलं, ते म्हातारे गृहस्थ कोण, ज्यांच्याकडे तू बघत होतीस. मी सांगितलं, ओळखीचे होते.

किती वेळ थांबलात, ते कळवू नये. बेरिलच्या पत्राला मी वेगळं उत्तर देईन, तिचा यात काही दोष नाही.

गुडघ्याची काळजी घ्यावी.

लोभ होता.
नोलीन गेडिस