गाणाऱ्याचा रकाना

२ जुलै, उधना
आणि तू म्हणाला होतास, आठवी नापासाला सुरतेत कोण उभं करतंय. बघ दादा, केलं. कापडाच्या लूमच्या तेलात हात न घालता. हेमराजभाऊंचं मोबाईलचं दुकान, डोक्यावर पंखा, बुडाखाली फिरती खुर्ची. कारागिरांच्या पेनड्राइव्हमध्ये गाणी भरायची, बस. सगळे आपल्याच भागातले. बारा तास खडखडाटात उभे राहून निम्मे बहिरे झालेत, तरी गाण्यासाठी घासाघीस करतात. ही डायरी साडीच्या व्यापाऱ्याची, भाऊंनी दिली. दिवाळीला तुझ्या तोंडावर वाचून दाखवीन. एक रुपया पाठवून दाखव म्हणालास ना? थांब जरा.

६ जुलै
काम शिकलो. गाढवालाही जमेल. प्रत्येक गाण्याच्या पोटात रकाने असतात, शाळेच्या हजेरीसारखे. गाण्याचं नाव, गाणारा, साल. त्याला टॅग म्हणतात. गाणाऱ्याचं नाव पुसून आम्ही तिथे दुकानाचं नाव आणि नंबर टाकतो. गाणं वाजलं की फोनवर आमची जाहिरात.

एकाच फोल्डरला भाऊ देवासारखं जपतात. सरलाबाईनं गायलेली कानबाई देवीच्या सणाची गाणी, दोनशे बारा. बाई लूमच्या कारखान्यात बॉबिन भरायची, खोलीत बसून फोनमध्ये गाणी रेकॉर्ड करायची, दोन वर्षांमागे वारली. तिचे टॅग आधी वेगळ्या फाईलमध्ये उतरवून ठेवायचे आणि मगच दुकानाच्या नावाचा शिक्का मारायचा, असा भाऊंचा नेम. कानबाईच्या रविवारी तिची मुलगी सुषमा येते, तिला आईच्या नावासकट गाणी द्यायची. भाऊ म्हणाले, "गाण्यात तिचं नाव कुठंच येत नाही रे. त्या रकान्यात आहे तेवढीच बाई उरलीय."
मेलेल्या बाईचे लाड. जिवंत नोकराला चहा अर्धा कप.

११ जुलै
कानबाई जवळ आली, गिऱ्हाईक तुंबलंय. टॅग उतरवत बसायला कुणाला वेळ आहे? आधी शिक्का मारला. आणि दुकानाचं नाव नाही टाकलं, माझं टाकलं. गाणारा: प्रवीण. या बहिऱ्यांना काय कळतंय. मग भाऊंना दाखवायला टॅग उतरवले. भाऊंनी जपलेल्या जुन्या फाईलवर नवी चढली. आता तिथेही दोनशे बारा वेळा प्रवीणच. सरलाबाई कुठेच नाही. असू दे.

१९ जुलै
तीनशे पेनड्राइव्ह गेले. चहावाला मला गायक म्हणतो. आईला माझ्या आवाजात निरोप रेकॉर्ड करून धाडला, तर तुझा लगेच फोन, "तुझ्या फोनवरून ही कोण म्हातारी बोलते?" म्हणून. कान तपासून घे दादा. गावात बसून तेही गंजले तुझे.

२४ जुलै
पर्वत पाटिया भागातला एक कारागीर भांडायला आला. म्हणे बाईची गाणी मागितली होती, हा कोण रेकतोय. शहाणा. लावून ऐकलं.
पुरुषच गात होता. मधे खोकला. तो खोकला माझा. मला कानबाईचं एकही गाणं येत नाही. पूर्ण गायलं होतं. दोनशे बारा, सगळी.

२८ जुलै
घसा बसलाय, दुसरं काही नाही. चहा मागितला तर चहावाला मान वर न करता म्हणाला, देतो मावशी. मग वर बघितलं त्यानं. कप खाली ठेवून आत गेला. पैसेही मागितले नाहीत.

३१ जुलै
कंप्युटरवर परत लिहिलं, सरलाबाई, दोनशे बारा वेळा. हातानं. काही फरक नाही. ते तीनशे बाहेर आहेत. उधना, चलथाण, गावाकडे— सगळीकडे मी वाजतोय. जितका वाजतो तितका इथे कमी—
भाऊंशी खुणेनं बोलतो. दात दुखतो म्हणून लिहून दाखवलं. त्यांना पटलं. भोळा माणूस. भोळा म्हणतोय, त्यांचं ऐकलं असतं तर—

३ ऑगस्ट, रविवार
सुषमा आली. ओटीचं सामान हातात. तिनं गाणं लावलं. ऐकत राहिली. मग अहिराणीत विचारलं, "भाऊ, मन्ही माय कोठे शे?"
तोंड दाबून बसलो होतो. तरी निघालं. पोरी, रडू नको, एवढंच. मी नाही बोललो ते. माझ्या तोंडातून—
तिनं माझे पाय धरले. उद्या घरी न्यायला येते म्हणाली.

४ ऑगस्ट
आईला फोन केला. तिनं विचारलं, कोण बाई तुम्ही, मन्हा प्रवीण कोठे शे. ठेवला.
दुकानासमोर रिक्षा थांबलीय. सुषमाच्या हातात साडी—
दादा, बोलता येत नाही म्हणून पैसे टाकतोय. पहिला पगार, सगळा. तुझ्या फोनवर पाठवणाऱ्याचं नाव वेगळं येईल, ते वाचू नको. आईला सांग प्रवीणनं पाठवले. नाव तोंडानं घे. एकदा मोठ्यानं—
आठ हजार चारशे—