संथेच्या सुरातलं इंग्रजी

बाबा, तिकडे तुम्ही कसे आहात? आईची कंबर दुखायची आता तरी थांबली का? थोरल्या काकांचा दमा? आत्या अजून पानावरून रुसून उठते का? इकडे आम्ही बरे आहोत. तुमची सून गुडघे धरून का होईना, चालते. माझे दात मात्र पाच उरलेत, आणि त्या पाचांच्या भरवशावर मी इंग्रजी बोलायला निघालोय.

रागावू नका, आधी ऐका. नदीपलीकडे एका इंग्रज साहेबाच्या बंगल्यावर मी मोडी कागदांच्या नकला करतो. त्यांची भाषा मला कोणी शिकवली नाही. पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाला ओंजळभर बोरं द्यायची, त्याच्या तोंडून एक वाक्य घ्यायचं आणि घरी पोचेपर्यंत घोकायचं. नदीत डुंबणाऱ्या म्हशींनी माझं पुष्कळ इंग्रजी ऐकलंय. तुमची सून म्हणते, "अहो, म्हशी तयार झाल्या. आता साहेबाचं बघा."

पण या आठवड्यात हसण्यासारखं काही उरलं नाही. शेजारचा कल्हईवाला बंगल्यावरची भांडी परत द्यायला आला. एक पातेलं कमी भरलं म्हणून त्याला कोठडीत घातला. ते पातेलं त्यानं आचाऱ्याच्या हातात दिलेलं मी स्वतः पाहिलं होतं. साहेबाचा दुभाषी पडला आचाऱ्याचा जिवलग. त्यानं साहेबाला सांगून टाकलं, चोरी कबूल आहे म्हणून. कल्हईवाला गजांआडून मला म्हणाला, "काका, माझी जीभ त्याच्या तोंडात आहे. तुम्ही आपल्या तोंडानं सांगा."

परवा गेलो. साहेब घोड्यावर बसायच्या बेतात. मी डोळे मिटले आणि तुम्ही वेदाची संथा द्यायचात त्याच सुरात, हात वरखाली करत, घोकलेलं इंग्रजी सुरू केलं. डोळे किलकिले करून बघतो तर साहेबानं टोपी काढलेली! त्याला वाटलं, म्हातारा प्रार्थना करतोय. तिसऱ्या वाक्याला अडखळलो, तसा पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा अडखळलो, पुन्हा पहिल्यापासून. साहेबानं टोपी घातली आणि घोडा हाकला.

घरी येऊन चुलीपुढे बसलो, आणि जुनं सगळं डोळ्यांपुढे आलं. मी आठ वर्षांचा आहे, पानं वाढलेली आहेत. शेवटच्या ओळीत माझा एक स्वर चुकतो. तुम्ही मांडीवर थाप मारता, "पहिल्यापासून!" आई म्हणते, "अहो, भात निवतोय." तुम्ही म्हणता, "निवू दे. चूक मागे टाकून पुढे जायचं नाही." भात निवला. तुम्हीही तोवर जेवला नाहीत, ते मी विसरलेलो नाही.

दोन दिवस अंगणात डोळे उघडे ठेवून, हात उपरण्यात बांधून बोललो. आज वाड्यावरचा सकाळचा चौघडा व्हायच्या आत बंगला गाठला. साहेबाच्या डोळ्यांत बघून बोललो. पातेल्याचा शब्दच ऐन वेळी गेला. दोन्ही हातांनी आकार दाखवला. दुभाषी हसला. मी थांबलो नाही. हे मी या डोळ्यांनी पाहिलं, इथवर बोलूनच श्वास घेतला. साहेबानं आचाऱ्याला बोलावलं. पातेलं त्याच्याच बिऱ्हाडी निघालं. कल्हईवाला सुटला. आत्ता भिंतीपलीकडे भाता फुंकतोय, ऐकू येतोय.

आता शिपायाची बोरं चालूच राहणार. पेठेत कोणावरही अशी पाळी आली, तर मी जाणार.

हा कागद कुठे धाडणार? स्वर्गात टपाल जात नाही, म्हणून तुमच्या पाटाखाली ठेवतोय. एक कबूल करायचं राहिलं. आज मी चार ठिकाणी चुकलो, आणि एकदाही पहिल्यापासून म्हटलं नाही. रागावला असाल तर तसंच लिहा, पण लवकर लिहा.