एकाच हाताची पत्रं

४ एप्रिल १९७३, देगलूरजवळ
आज रुजू झालो. मुलं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली, शाळा ओस पडली, तेव्हा निजामाच्या राज्यात शिकलेली उर्दू कामी आली. पाकिस्तानी युद्धकैद्यांच्या या छावणीतून घरी जाणारी पत्रं तपासायची. राहायला खोली, रोज दोन घागरी पाणी. तिकडे उदगीरला बायको, सिद्धम्मा, एका घागरीसाठी टँकरमागं पळते. छावणी रेवणप्पा जमादारांच्या हातात आहे. आमच्याच भागातले निघाले. पहिल्या दिवशी स्वतः भाकरी-ठेचा घेऊन आले.

९ एप्रिल
पत्रं साधीच. आईला सलाम, म्हशीची चौकशी. पण आज सात कैद्यांच्या पत्रांत अक्षर एकच दिसलं. सातही पत्रांत ‘खैरियत’ या उर्दू शब्दाच्या अक्षरांवरची टिंबं गाळलेली. रेवणप्पा म्हणाले, अडाणी हाईत, एकाकडून लिहून घेतात. पटलं.

१३ एप्रिल
ते सात जण विहिरीच्या कामावर असतात म्हणे. गेलो. काम बंद, विहीर दगडमातीनं अर्धी भरलेली. पहारेकरी शिवलिंग म्हणाला, “शिमग्यात ढासळली, मास्तर. जमादारानं उकरू दिली न्हाई.” खाली कोणी होतं का, विचारलं. तो उठून गेला.

१५ एप्रिल
पत्रं लिहिणारा सापडला. नियाज हवालदार, तोही कैदीच, भटारखान्यात भांडी घासतो. हात न थांबवता त्यानं सांगितलं. पाणी लवकर लागावं म्हणून रेवणप्पांनी माणसं खाली असतानाच सुरुंग उडवला. दोन दिवस खालून आवाज येत होते. वर काढले असते तर ते बोलले असते. तेव्हापासून रेवणप्पांच्या हुकमानं नियाज त्यांच्या नावानं त्यांच्या आयांना लिहितो; कोणाला तरी खटकावं म्हणून टिंबं गाळतो.
मी नांदेडला कलेक्टरांच्या नावे अर्ज लिहून डाकेच्या पिशवीत टाकला.

१६ एप्रिल
डाकेची पिशवी रेवणप्पाच बांधतात. आज कळलं.

१८ एप्रिल
भांडी दुसराच कोणी घासतो. दुपारी रेवणप्पा आले, हातात माझा अर्ज. रागावले नाहीत. तुमची उर्दू झ्याक हाय म्हणाले, आणि कोरी पत्रं ठेवून गेले. मोजली. सात नाहीत, आठ —

१९ एप्रिल
लिहिली. नियाजच्या आईलाही. टिंबं गाळली.

२० एप्रिल
दाराला बाहेरून कडी. पाणी नाही. खिडकीतून रेवणप्पांचा हुकूम — आता मराठीत, सिद्धम्माला. खुशाल आहे, काम लई हाय, येणं होत न्हाई. वर्षभर पुरतील इतकी लिहा. तारीख टाकू नका. मग घागर —

दुपार
महिन्याला एक, बारा दिली. घागर आली. प्यायलो, सगळी. बाहेर रेवणप्पा शिवलिंगाला सांगतायत, विहिरीवर आणखी माती टाकायची हाय, पण आधी मास्तरला —