सासूबाई बोलल्या

सोमवार, ४ नोव्हेंबर

आजपासून रोजनिशी. कारण मोठी माणसं लिहितात. दुसरं कारण असं की एक गोष्ट कुठेतरी सांगायलाच हवी आणि माणसांना सांगण्यासारखी ती नाही.

मी वर्तमानपत्राचं शेवटचं पान लावतो. त्या पानावर खाली डावीकडे 'वरचा मजला' ही तीन चौकटींची चित्रमालिका असते. चौतीस वर्षं चालू आहे. सासूबाई, त्यांची मुलगी, घरजावई आणि एक बोका. जावई रोज काहीतरी बेत आखतो, तो फसतो, आणि तिसऱ्या चौकटीत सासूबाई त्याच्याकडे नुसत्या बघतात. चौतीस वर्षांत त्यांनी तोंडातून अक्षर काढलेलं नाही. लोक पेपर मागून उघडतात ते यासाठी. (पानाची मांडणी हेही एक कारण आहे. ते कोणी बोलून दाखवत नाही.)

ही मालिका काढणाऱ्या बाई एकाहत्तर वर्षांच्या आहेत. उद्या त्यांच्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन. त्यानंतर दोन आठवडे पालथं झोपून राहायचं. म्हणून चौदा दिवसांचं काम आगाऊ करून त्यांनी ते खाकी पाकिटात घातलं आणि आज माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, सांभाळा. मी म्हणालो, बाई, जिवापलीकडे.

पाकीट हरवलेलं नाही. पाकीट बसमध्ये आहे. बस कुठे आहे एवढंच माहीत नाही.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

दुपारी १२. बस डेपो. हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीतल्या माणसाने तीन छत्र्या, एक बूट आणि दातांची एक कवळी समोर मांडली आणि विचारलं, यातलं तुमचं कोणतं? सरकारी विनोद.

निश्चय: एक वाजता संपादकांना सगळं खरं सांगायचं.

१.१५. संपादक फोनवर.

२.००. संपादक जेवत होते. जेवणाऱ्याला वाईट बातमी देऊ नये.

४.००. संपादक स्वतःच आले. बाईंचं सगळं आलं ना, म्हणाले. मी मान हलवली. मान हलवली म्हणजे हो म्हटलं असं होत नाही.

पान सहाला छपाईला सुटतं. जुनी एखादी चित्रपट्टी पुन्हा छापता आली असती. पण वाचक जुनं लगेच ओळखतात, आणि वाचकांची फसवणूक माझ्या तत्त्वात बसत नाही. म्हणून स्वतःच काढली. शाळेत चित्रकलेत माझा पहिला नंबर होता. (त्या वर्षी दुसरा मुलगा आजारी होता, पण नंबर तो नंबर.)

५.५०. झाली. हुबेहूब. बाईंना स्वतःला फरक सांगता यायचा नाही. तसंही त्यांना दोन आठवडे दिसणारच नाहीये.

बुधवार, ६ नोव्हेंबर

ही सकाळी चहाच्या आधी 'वरचा मजला' बघते, मग माझ्याकडे. आज बराच वेळ बघत बसली. शेवटी विचारलं, बोक्याला बरं नाही का?

ऑफिसात एकही फोन नाही. म्हणजे पसंत पडली. चौदातली एक झाली. तेराच राहिल्या.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

टेलिफोन ऑपरेटर ताई चिठ्ठी घेऊन आल्या. चार फोन.

एक: बोक्याचं शेपूट आखूड झालंय. दोन: मुलीचं घड्याळ डाव्या हातातून उजव्या हातात गेलंय. तीन, एक निवृत्त शिक्षिका: जावयाचे दोन्ही हात डावे आहेत. चौथ्या माणसाने नुसता सुस्कारा टाकून फोन ठेवला.

ताईंनी विचारलं, बाईंना फार त्रास होतोय का हो? आवाज कापत होता. काय या बायका! मी म्हणालो, ऑपरेशन उत्तम झालं.

माझा निष्कर्ष: वाचक वाढले आहेत. बाईंच्या काळात दिवसाला चार फोन कधी आले नव्हते.

सोमवार, ११ नोव्हेंबर

एक तांत्रिक अडचण. सासूबाईंचे डोळे.

बाकी सगळं जमतं. पण तिसऱ्या चौकटीतली ती नजर! दोन ठिपके आणि वर एक रेघ. एवढंच तर आहे. सकाळपासून एकतीस वेळा काढली. कधी सासूबाईंना झोप आलेली दिसते, कधी दाढ दुखतेय. एकदा तर त्या चक्क जावयावर भाळलेल्या दिसल्या. तो कागद बारीक फाडून टाकला.

४.४०. संपादकांचा निरोप, पान लवकर सोडा.

५.१५. मार्ग सुचला. नजरेतून जे सांगायचं ते तोंडाने सांगितलं तर काय बिघडलं? काळाबरोबर बदललंच पाहिजे. चौतीस वर्षं गप्प राहणं हे आजच्या स्त्रीला शोभत नाही. सासूबाईंना पाठमोरं उभं केलं (डोळे नकोत) आणि डोक्यावर बोलण्याचा फुगा काढला. काय बोलतील? वेळ नव्हता. माझ्या टेबलावर कागद उडत होते. लिहिलं, 'पंखा जरा कमी करा.'

साधं. घरगुती. मला तर खोल वाटलं.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

सकाळी ७. हिने पेपर उघडला. मिटला. उठून आत गेली.

९.३०. ऑफिस. ऑपरेटर ताईंच्या दोन्ही कानांना फोन. मला पाहून त्यांनी मान फिरवली.

११.००. त्रेसष्ट फोन.

१.००. एकशे चाळीस. एका बाईंनी फक्त 'का?' एवढंच विचारलं म्हणे. एक गृहस्थ रडले. एका वकिलांनी पेपर बंद केला, पण वर हेही विचारलं की उद्या सासूबाई काय बोलणार आहेत.

३.००. फाटकाशी माणसं. घोषणा वगैरे काही नाही. नुसती उभी. हातात आजचा पेपर. घोषणा दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

४.००. संपादकांनी बोलावलं. बाईंनी हे असं कसं केलं, म्हणाले. मी म्हणालो, कलावंत आहेत. ते म्हणाले, फोन करून विचारा. मी म्हणालो, पालथं झोपून बोलता येत नाही. संपादक माझ्याकडे बघत राहिले. ती नजर जशीच्या तशी कागदावर उतरवता आली असती तर ही वेळच आली नसती.

बुधवार, १३ नोव्हेंबर

रिसेप्शनला एक माणूस दहापासून बसून होता. पन्नाशीचा, नळ आणि तोट्यांचं दुकान आहे म्हणाला. दुकान बंद ठेवून आला होता. संपादक नव्हते म्हणून माझ्याकडे पाठवला.

त्याच्या आईला दोन वर्षांपूर्वी झटका आला, वाचा गेली. रोज सकाळी तो तिच्यासमोर पेपर धरतो. ती सासूबाईंकडे बघते, मग याच्याकडे तस्संच बघते. म्हणजे उशी सरकव, म्हणजे दाढी कर, म्हणजे बायकोशी का भांडलास. मला सगळं कळतं, म्हणाला. काल तिने तो फुगा वाचला आणि तोंड भिंतीकडे केलं. आज पेपर हाताने ढकलला.

तो चिडला नव्हता. हळू आवाजात एवढंच विचारलं, बाईंना सासूबाईंचा कंटाळा आला का हो? तसं असेल तर सांगा. मी आईला समजावीन काहीतरी.

मी म्हणालो, वरिष्ठांना कळवतो.

वरिष्ठांना कळवलं नाही. डबा तसाच परत आणला. भाजी बरी नव्हती. (ही म्हणाली, तीच भाजी तिने दोनदा घेतली.)

गुरुवार, १४ नोव्हेंबर

चूक दुरुस्त करायला मोठं मन लागतं. ते माझ्याकडे आहे. काल संध्याकाळीच दुरुस्तीची पट्टी काढली, आज छापून आली. जावई विचारतो, सासूबाई, परवा तुम्ही काही बोललात का? सासूबाई ठामपणे म्हणतात, 'मी काही बोललेच नाही.'

पट्टी हातात घेऊन ही समोर बसली. म्हणाली, अहो, त्या परत बोलल्या.

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं असं नाही.

मग म्हणाली, हे तुम्ही काढताय ना? मी विचारलं, शैली ओळखलीस? ती म्हणाली, अंगठे ओळखले. आपल्या लग्नाच्या पत्रिकेवर तुम्ही काढलेल्या बाईचेही दोन्ही अंगठे एकाच बाजूला होते. बाईंकडे जा आणि पाय धरा. मी म्हणालो, योग्य वेळी. ती म्हणाली, तुमचाच वरचा मजला रिकामा आहे.

फोन: मोजणं बंद केल्याचं ऑपरेटर ताई म्हणाल्या.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

संपादकांचा हुकूम: उद्या बाईंच्या हातच्या मूळ पट्ट्या टेबलावर हव्यात. सगळ्या.

निश्चय: न घाबरणे. माझ्या पट्ट्या जुन्या दिसाव्यात म्हणून कडांना चहा लावला. एकीवर चहा पसरला. बोका तपकिरी झाला.

दुपारी ३. बाईंच्या धाकट्या बहिणीचा फोन. बाईंनी उद्या सकाळी बोलावलंय. का, ते सांगितलं नाही.

मी विचार केला. रागवायचं असतं तर संपादकांना फोन केला असता. मलाच बोलावलं म्हणजे काहीतरी वेगळं आहे. वय झालं, डोळे गेले. वारस नेमणार असतील. तसं झालं तर मी आधी दोनदा नाही म्हणेन.

शर्टाला इस्त्री केली.

शनिवार, १६ नोव्हेंबर

लिहावंसं वाटत नाही. लिहितो.

बाई पलंगावर पालथ्या होत्या. मला फक्त पांढरे केस आणि पाठ दिसत होती. बहीण उशाशी आजचा पेपर घेऊन बसलेली. ती रोज सकाळी बाईंना 'वरचा मजला' वाचून दाखवते, चित्रासकट. जावई कुठे उभा, बोका कुठे, सगळं.

बाई उशीत तोंड ठेवून बोलल्या. म्हणाल्या, पहिल्याच दिवशी बहीण म्हणाली की बोका उभा आहे. माझा बोका चौतीस वर्षांत कधी उठलेला नाही. पाकीट कुठे आहे?

मी म्हणालो, बसमध्ये.

मग बाईंनी सांगितलं. त्या चौदा पट्ट्या शेवटच्या होत्या. त्यांना मालिका थांबवायची होती. डोळे साथ देत नव्हते. कोणाला सांगितलं नव्हतं, वाचकांनी छापलेलंच बघावं म्हणून. चौदाव्या पट्टीत सासूबाई पहिल्यांदा बोलणार होत्या. एकच शब्द. तो ठरवायला मला अकरा वर्षं लागली, म्हणाल्या.

मी विचारलं, कोणता?

बाई म्हणाल्या, आता त्याचं काय?

मी म्हणालो, संपादकांना सांगतो की मी केलं. हे मी खरंच म्हणालो. माझं मलाच आश्चर्य वाटावं असा आवाज आला. बाई म्हणाल्या, सांगू नका. मी काल सांगितलंय त्यांना, दिसत नसताना मीच काढलं म्हणून. चौतीस वर्षं लोक त्या बाईला आपल्या घरातली समजतात. पान लावणाऱ्याने ती संध्याकाळी घाईघाईत उरकली, हे त्यांना मी कळू देणार नाही. तुमच्यासाठी नाही करत आहे मी हे.

मग म्हणाल्या, आणि 'मी काही बोललेच नाही' हे तिचं शेवटचं वाक्य ठेवून मला थांबता येणार नाही. म्हणजे परत काढायला बसणं आलं.

मी पाय धरायला वाकलो. पाय पांघरुणात होते. पांघरूण धरलं.

रविवार, ८ डिसेंबर

तीन आठवडे पानावर ती जागा कोरी ठेवली. 'बाईंची प्रकृती बरी नाही' एवढीच ओळ. कोऱ्या जागेबद्दल एकही तक्रार आली नाही. बाईंच्या नावाने मात्र पोत्याने पत्रं आली, काही रागाची, बरीचशी औषधांची.

बाईंना आता एका डोळ्याने थोडं दिसतं. चित्र जमतं, सरळ रेघ जमत नाही. मदतीला कोणीतरी हवं म्हणाल्या. मी लगेच हजर झालो. मनात होतं, बोक्यापासून सुरुवात करावी. बाई म्हणाल्या, चौकटी आखा. आत काही नको.

बेचाळीस चौकटी आखल्या. धाकट्या बहिणीने मोजपट्टी लावून अकरा परत केल्या.

सोमवार, ९ डिसेंबर

आज 'वरचा मजला' पुन्हा छापून आला. जावई फसला, बोका आडवा, सासूबाई गप्प. दोन ठिपके आणि एक रेघ. हिने बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि चहा ठेवला.

११.३०. ऑपरेटर ताई स्वतः आल्या. हसत होत्या. सत्तावीस फोन, सगळे आनंदाचे. मी सहज विचारलं, चौकटींबद्दल कोणी काही बोललं? म्हणाल्या, हो, तिघे. तिसऱ्या चौकटीची उजवी रेघ खाली येताना तिरकी झालीय म्हणे.

लोकांना काही उद्योग नाहीत. रेघ सरळच होती. छपाईत कागद सरकतो, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. उत्तर म्हणून एक छोटी चौकट शेवटच्या पानावर टाकावी असं ठरवलं. मसुदा लिहायला घेतला.

१२.१०. मूळ कागद काढला. मोजपट्टी लावून मोजलं.

दीड मिलिमीटर. तिरकी आहे.