दोन मुठी सोयाबीन

बाबा, मौद्याच्या दुकानात तुम्ही वर्षानुवर्षं विकलेलं ते फवारणीचं औषध या उन्हाळ्यात नागपुरात माझ्याच टेबलावर तपासणीला आलं. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. नाहीतर समोर बसवून सगळं ऐकवलं असतं, आणि उठून जायला निघाला असतात तर दाराला कडी घातली असती.

अजून दिसतं मला. गिऱ्हाईक समोर उभं आहे आणि तुम्ही बादलीत कोपरापर्यंत उघडा हात घालून औषध ढवळताय. एमएससीला असताना मी तुमच्यासाठी रबरी हातमोजे आणले, तर चार माणसांत ओरडलात, "हे घालून बसलो तर गिऱ्हाईक पळून जाईन ना वं! बापाले शिकवून राहिली का?" माणसं हसली, तुम्हीही हसलात. मोजे आईने भांडी घासायला घेतले. तो राग माझ्या मनातून गेलेला नाही. औषधाने किडे मरतात, माणसाले काही होत नाही, हे तुमचं पालुपद. पण मरणं एवढा एकच प्रश्न नसतो, बाबा. काही औषधं शरीरात शिरून बाईच्या हार्मोनचं सोंग घेतात. ते सोंग पकडायचं, ही माझी नोकरी.

पद्धत साधी आहे. उंदरांच्या कोवळ्या माद्या घ्यायच्या, एका गटाला तेलातून औषध द्यायचं, दुसऱ्याला नुसतं तेल, आणि शेवटी दोन्हींची गर्भाशयं तोलायची. औषधवाल्यांचीच फुगली तर औषधात खोट. या वेळी दोन्ही गटांची सारखीच फुगली. फरक नाही, म्हणजे औषध निर्दोष, साहेब खूश. पण नुसत्या तेलाने फुगायचं कारणच नव्हतं, म्हणून मी पिंजऱ्यांच्या खोलीत गेले. तिथे आमचे निवृत्तीला आलेले अटेंडंट काका झाडत होते. "काका, यांले काय खाऊ घालून राहिले?" म्हणून विचारलं, तर म्हणाले, "काही नाही मॅडम, घरचं सोयाबीन. भिजवून दोन मुठी रोज. लेकरं कोवळी आहेत, ताकद नको का यायले?" आता या माणसावर रागवायचं तरी कसं? सोयाबीनमध्ये मुळातच हार्मोनसारखं द्रव्य असतं, म्हणून तर आम्ही त्याच्याशिवायचं खाद्य मुद्दाम मागवतो. काकांच्या मायेने अख्खी चाचणी पाण्यात गेली होती.

साहेब म्हणाले, "दोन मुठी सोयाबीनसाठी रिपोर्ट अडवता का, मॅडम? अख्खा विदर्भ खाऊन राहिला सोयाबीन. सही करा."

"नाही करत."

"काहून?"

"खोटा आहे म्हणून. आणि तो खोटा आहे हे आता तुम्हालाही माहीत आहे."

झालेली चूक मी नोंदवहीत माझ्या हाताने लिहिली. लिहिल्यावर ती कोणाला झाकता येईना, चाचणी पुन्हा करावी लागली. काका खाद्याच्या पोत्यापाशी स्टूल टाकून बसले, कोणाला जवळ फिरकू देईनात. या वेळी तेलवाल्यांची गर्भाशयं होती तशीच राहिली आणि तुमच्या औषधवाल्यांची फुगली. तो रिपोर्ट माझ्या सहीने गेला. मला माती तपासायच्या विभागात बसवलंय. बसते. उद्या परत विचारलं तर परत हेच उत्तर देईन.

तुम्ही त्या औषधाने गेलात असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण तुमचं म्हणणं चूक होतं, आणि हे म्हटल्याबद्दल मी तुमची माफी मागणार नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, तर एक सांगून टाकते. सोयाबीनचं मला कळलं तो मंगळवार होता. साहेबांच्या केबिनमध्ये मी शुक्रवारी गेले. मधले दोन दिवस कोणाजवळ काही बोलले नाही. त्या खोट्या कागदावर तुम्ही खरे ठरत होतात, बाबा, आणि मला ते हवं होतं.