बाबांना बेदाणे हवेत

प्रिय नेरेइदा,

रविवारी बाबांकडे पोन्सेला जाऊन पास्तेलोन केलं. डॉक्टरांनी त्यांचं तळण बंद केलंय, म्हणून काळ्या सालीची पिकलेली केळी लांब कापून ओव्हनमध्येच भाजली. गोमांसाऐवजी टर्कीचा खिमा घेतला, चीज नावापुरतं. केळी, खिमा, पुन्हा केळी, वरून फेटलेली अंडी. दिसायला झकास झालं होतं, पण माझी धाकधूक काही जाईना. आई गेल्यापासून बाबांचं जेवणातलं लक्षच उडालंय ना. मी भरून ठेवलेले डबे फ्रिजमध्ये जसेच्या तसे असतात. आणि तरी स्वारी अंगानं भरत चाललीय! हे काय गौडबंगाल आहे ते मला कळेना.

बाबांनी दोन घास खाल्ले आणि अगदी सहज म्हणाले, "बेदाणे विसरलीस वाटतं."

नेरेइदा, आपल्या घरात बेदाणे! खिम्यात गोड कालवणाऱ्या बायकांना आई काय काय बोलायची, आठवतंय ना? तिच्या हातचं पास्तेलोन बाबांनी जन्मभर खाल्लं, त्यात एक बेदाणा कधी सापडला नाही. मला वाटलं, संपलं, बाबांची आठवण चालली. आज वार कोणता, तुझ्या मुलांची नावं काय, असं मी काहीबाही विचारत सुटले. त्यांनी सगळं बरोबर सांगितलं, वर माझंच डोकं ठिकाणावर आहे ना म्हणून विचारलं. मग एकाएकी स्वतःचं बेदाण्यांबद्दलचं बोलणं त्यांच्या ध्यानात आलं असावं. कानापर्यंत लाल झाले.

आपल्या गल्लीत खिम्यात बेदाणे घालणारं घर एकच, डोन्या मिनेर्वांचं. नाताळात त्यांच्याकडून आलेलं ताट आई गोड हसून घ्यायची आणि मागच्या दारी बेदाणे वेचून कोंबड्यांना टाकायची. बाबांनी कबूलच केलं: त्याच मिनेर्वा गेले कित्येक महिने त्यांना दुपारी जेवायला घालतायत, तेही डॉक्टरांच्या सांगण्याबरहुकूम, बिनतळणीचं. मला आधी हसू आलं, मग संताप आला, मग आईची इतकी आठवण आली की भांडी घासायच्या निमित्तानं मी उठून गेले. त्या बाईंवर रागवावं की त्यांचे पाय धरावेत? आजही मला कळत नाही.

बाबा पाठोपाठ आत आले, टॉवेल घेऊन बशा पुसायला लागले. मिनेर्वांशी लग्न करायचंय म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "नेरेइदाला तूच कळव, माझी छाती होत नाही. तुमच्यापैकी एकीनंही नको म्हटलं तर हा विषय मी पुन्हा काढणार नाही." आणि ते खरंच काढणार नाहीत गं, तुला माहीत आहे ते. तक्रारसुद्धा करणार नाहीत, एकटे राहतील. मी हातातलं भांडं घासतच राहिले. त्यांनी तीच बशी पुन्हा पुसली. म्हणून हे तुला लिहितेय. माझं 'हो' घशात अडकून बसलंय. तू धाकटी असलीस तरी या वेळी तू आधी म्हण, म्हणजे माझंही निघेल.

तुझीच,
आयदा