टेस्टर कुणाच्या हातात होता

रविवार, ९ जून

दादा,

नमस्कार. तीर्थरूप वगैरे लिहिलं की तुला हसू येतं, म्हणून नुसतंच दादा. इकडे सगळं ठीक आहे. बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण बाबांपेक्षा कमीच. वहिनीला सांग, तिने शिवून पाठवलेल्या एप्रनला सात खिसे आहेत आणि तरी माझी पक्कड मला वेळेवर सापडत नाही. यात दोष खिशांचा नाही.

या वर्षी माझ्या वायरमनच्या वर्गात बावीस जण आहेत. प्रत्येकाला फळ्या ठोकून केलेली एकेक खोली दिली आहे. तिच्यात त्याने खऱ्या घरासारखं वायरिंग करायचं: दोन दिवे, एक पंखा, गीझरची वेगळी लाइन. मी नियमांचं पुस्तक घेऊन मागे मागे फिरते. सॉकेट कुठलंही असो, अर्थची हिरवी वायर हवीच. जोड डब्यातच द्यायचा, भिंतीत गाडायचा नाही. एका मुलाला आम्ही डॉक्टर म्हणतो, कारण तो जोडाला चिकटपट्टी अशी गुंडाळतो, जणू पेशंटला महिनाभर हलायची मनाई आहे. आणि एक शिंपी आहे, पंचेचाळिशीचा, दुकान चालेना म्हणून आलेला. बोलतो कमी, पण त्याच्या भिंतीवर एक वायर तिरकी दिसणार नाही.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. सोबत तुझ्या लेकीचा माझ्या वर्गातल्या प्रवेशाचा फॉर्मही आला, पालकाची सही न करता. ‘माझा धांदरटपणा तिच्यात उतरला असेल तर? एका घरात एक हात गेला तेवढा पुरे,’ असं तू लिहिलंस. मी पत्र खणात ठेवलं आणि दोन दिवस त्या खणाकडे गेले नाही. फोन करता आला असता. पण फोनवर तू विषय बदलतोस आणि मी बदलू देते. अकरा वर्षं आपलं असंच छान चाललं आहे.

आधी लेकीचं सांगते. सुट्टीत ती माझ्याकडे आली होती तेव्हा मी तिला जिन्याचा दिवा जोडायला दिला, वरून आणि खालून दोन्हीकडून लागणारा. जोडण्याआधी तिने टेस्टर घेतला. शेजारच्या चालू सॉकेटमध्ये घालून तो पेटतो का पाहिलं, मग बंद केलेल्या लाइनला लावला, मग पुन्हा चालू सॉकेटमध्ये घातला. चालू, बंद, चालू. मी विचारलं, हे कुणी शिकवलं? म्हणाली, “बाबांनी. ते स्वतः बल्बसुद्धा बदलत नाहीत, पण हे माझ्याकडून पाठ करून घेतलंय.”

मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेले आणि बराच वेळ आतच राहिले.

गुरुवारी वर्गात हाच धडा होता. टेस्टर आधी चालू लाइनवर तपासायचा, कारण तो आधीच बिघडलेला असू शकतो. नंतरही तपासायचा, कारण तो मध्येच बिघडू शकतो. दरवर्षी शिकवते, तोंडपाठ आहे. डॉक्टरने विचारलं, बाई, असं खरंच कुणाचं झालंय का? मी म्हणाले, झालंय. माझ्या ओळखीचा एक वायरमन होता, फार धांदरट. शिडीवर चढलेला, थांब म्हणेपर्यंत त्याने डब्यात हात घातला. पोरं हळहळली. मी फळ्याकडे वळले. तेवढ्यात शिंप्याने मान वर केली.

“बाई, तो शिडीवर होता ना? मग टेस्टर कुणाच्या हातात होता?”

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, तास संपला. तास संपायला वीस मिनिटं होती.

दादा, टेस्टर माझ्या हातात होता.

तुला त्या दिवसातलं शिडी लावल्यापर्यंतचं आठवतं, आणि मग एकदम हॉस्पिटलचं छत. मधला पाव तास तुझ्या डोक्यातून पुसला गेला. माझ्या डोक्यातून गेलेला नाही. त्या बंगल्यात आपण जेवणाच्या खोलीतला छताचा डबा उघडला होता. त्या खोलीचा मेन स्विच तू स्वतः बंद केलास आणि त्यावर चिठ्ठी चिकटवलीस. तू काही विसरला नव्हतास. पण त्या डब्यात इन्व्हर्टरची लाइनही आणलेली होती, आणि हे घरमालकाने आपल्याला सांगितलं नव्हतं. मला तू दुसऱ्या शिडीवरून टेस्टर लावायला सांगितलंस. मी लावला. पेटला नाही.

तू विचारलंस, “चालू लाइनवर बघितलास?”

मी म्हणाले, “बघितला. बंद आहे, घाल हात.”

बघितला नव्हता. सकाळी तो माझ्या हातून गवंड्याच्या बादलीत पडला होता. रुमालाने पुसून खिशात टाकला आणि तुला सांगितलं नाही, कारण तू ओरडला असतास. दोन वाजत आले होते, भूक लागली होती, चालू सॉकेट शोधायला खाली उतरून पलीकडच्या खोलीत जावं लागलं असतं. एवढंच कारण आहे, याहून मोठं काही नाही. आणि तू माझ्यावर विश्वास ठेवलास.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बाबांनी विचारलं, काय झालं? मी म्हणाले, मी थांब म्हणत होते, त्याने ऐकलं नाही. बाबा म्हणाले, पहिल्यापासूनच धांदरट. नाव तिथेच पडलं. मी ठरवलं होतं, तू घरी आलास की सांगीन. मग ठरवलं, बोटांचं ऑपरेशन झालं की सांगीन. बोटं वळली नाहीत, तू धंदा सोडलास, रंगाच्या दुकानात हिशेब लिहायला लागलास. मग एका लग्नात तूच हसत हसत चारचौघांत सांगितलंस की मी कसा धांदरट. सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची लाज मला हाताच्या लाजेइतकीच वाटते.

माफी मागत नाही. मागितली तर तू लगेच देशील, मला माहीत आहे, आणि मग हे सगळं पुन्हा झाकलं जाईल. तसं मला होऊ द्यायचं नाही.

हे पत्र पेटीत टाकून मी तशीच बाबांकडे हे सांगायला जाणार आहे. पत्र पडलं की मागे फिरायची सोय उरत नाही. उद्या आधी प्राचार्यांना सांगेन. त्यांनी मला शिकवू दिलं तर पहिल्या तासाला शिंप्याच्या प्रश्नाचं उत्तर देईन. नाही दिलं, तर उत्तर दारात उभी राहून देईन आणि मग जाईन.

फॉर्म पुन्हा पाठवते आहे. मुदत वीस तारखेची आहे. सही करायची की नाही, हे तू ठरव. नको असेल तर दुसरं कुठलंही कारण लिही, काम कष्टाचं आहे लिही, आत्यावर भरवसा नाही लिही. ते कारण मी मान्य करेन. पण तिच्यात तुझं काय उतरलंय ते मी जिन्याखाली उभं राहून पाहिलं आहे. चालू, बंद, चालू. माझ्या वर्गात ही सवय लावायला मला तीन महिने लागतात.

पाकिटात तो टेस्टरही आहे. अपघातानंतर तिसऱ्या दिवशी मी तो घरी स्वयंपाकघरातल्या सॉकेटमध्ये घालून पाहिला होता. पेटला नाही. तेव्हापासून तो माझ्याकडे आहे. कुठे लावून बघू नकोस, आत ओलावा गेलेला आहे, भरवशाचा नाही. लेकीला मात्र दाखव, आणि तो कुणाचा होता तेही सांग. तुझं घरातलं नाव आता मला परत दे. ते पहिल्यापासून माझंच होतं.

तुझी धाकटी बहीण,
धांदरट